एक धूर देवाचा, एक काकीचा

आमच्या नगरच्या सोसायटीत लिफ्टमध्ये ‘नो स्मोकिंग’ची पाटी लागली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला जिन्यात गाठलं. “बाई, तुम्ही इंग्रजीच्या. स्मोक म्हणजे धूरच ना? मग आमच्या हिनं लिफ्टमधून धुपाटणं नेलं तर चालेल का?” मी म्हटलं, “आजोबा, स्मोकिंग म्हणजे विडी-सिगारेट ओढणं.” “मग तसं लिहा की! धुरानं काय घोडं मारलंय त्यांचं?”

बरोबरच होतं म्हातारबाबांचं. माझा सगळा जन्म पारनेर तालुक्यातल्या शाळांतून इंग्रजी शिकवण्यात गेला, आणि स्मोक हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल देव जाणे. पण तो आला कुठून, हे काही मी त्याला कधी विचारलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, मी शब्दकोश चाळते. एकटीचा संसार, इंडक्शनच्या शेगडीवर दोन वेळा कुकर लावला की दिवस मोकळा. तर त्या दिवशी घरी आले, पर्स टाकली आणि जाडा कोश मांडीवर घेतला.

बाई गं, काय सांगू! मला वाटायचं, स्मोक आणि आपला धूम ही लांबची का होईना, भावंडं असतील. छे! आपल्या धूमाचं नातं आहे फ्यूमशी, आणि परफ्यूमशी. परफ्यूम म्हणजे मुळात धुरातून आलेलं, म्हणजे आजोबांच्या धुपाटण्याचंच इंग्रजी भावंड. स्मोकचं गोत वेगळं. जाणकार त्याचं नातं ग्रीकांच्या एका क्रियापदाशी जोडतात. त्याचा अर्थ ज्वाळा न करता आतल्या आत जळत राहणं. आपण त्याला धुमसणं म्हणतो. पार लिथुआनियात त्याचा एक नातलग आहे, त्याचा अर्थ गळा दाबणं, घुसमटवणं. एवढ्याशा शब्दाच्या पोटात आग, धुसफूस आणि घुसमट, तिन्ही! माझ्या अंगावर काटा आला. शब्द कुणी केलेत, कुणास ठाऊक, पण ज्यानं केले त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटतं.

आणि खाली, बारीक अक्षरात, एक मेलेला अर्थ होता. पूर्वी विलायतेत स्मोक म्हणजे घर. अमक्या गावात इतके धूर, म्हणजे इतकी घरं. जिथून चुलीचा धूर निघतो ते घर. चार भिंती असल्या आणि धूर नसला तर तो नुसता गोठा. तो अर्थ आता कुणी वापरत नाही, असं कोश म्हणतो.

मी कोश मिटला आणि मोठ्यानं म्हटलं, “अहो, आमच्या गावात या!”

माझं माहेर पारनेरच्या अलीकडे, कोरडवाहू भागात. गावाला लागून टेकडी, टेकडीवर देऊळ. चैत्रात हरिनामाचा सप्ता बसतो आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन सगळं गाव टेकडीवर जेवतं. त्या जेवणाचं आवतण चूलबंद असतं. चूलबंद म्हणजे घरातली सगळी माणसं जेवायला, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. हे तसं सगळ्याच गावांत असतं, पण आमच्या गावाची एक खोड आहे. पहिली पंगत बसली, पत्रावळ्या मांडल्या, की वाढप्यांनी हात थांबवायचे. मग चार जाणती माणसं टेकडीच्या कडेला उभी राहून खाली गावाकडे बघतात. याला ‘नजर टाकणं’ म्हणतात. गावात कुठंच धूर दिसला नाही, तर समजायचं की सगळ्या घरांना आवतण पोचलं, कुणी वगळलं गेलं नाही. मगच वाढायचं. त्या दिवशी गावात धूर फक्त एक, देवळामागच्या चुलाणाचा. तो देवाचा. लांब सुप्याच्या बाजूला कंपन्यांचा धूर दिसतो, पण तो शिवेबाहेरचा, तो हिशेबात धरत नाहीत.

आता घरोघरी गॅस आला. गॅसला कसला धूर? नजर टाकायची रीत राहिली, पण ती देखल्या देवा दंडवत अशी झाली. माणसं मोबाईलवर बोलता बोलता खाली बघतात आणि “चालू द्या” म्हणतात. बऱ्याच पोरांना तर वाटतं, म्हातारी माणसं हवामान बघतायत.

आता माझ्या काकीविषयी सांगते. माझ्या धाकट्या काकाची ती बायको. काका तरुणपणीच कोपरगावकडं साखर कारखान्यावर कामाला गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. काकीला मूल नव्हतं. माहेरी जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. ती गेली नाही. आमच्याच अंगणाच्या कोपऱ्यात दोन खोल्या होत्या, तिथं तिनं एक दिवस आपलं सामान नेलं आणि वेगळी चूल मांडली. माझे वडील चिडले. “एकट्या बाईची कसली आलीय चूल? खायला काय आमी घालीत न्हाई का?” काकी म्हणाली, “घालता की. पर तुमच्या चुलीवरचं खाल्लं तर मी तुमच्यातली व्हते. माजी मी ऱ्हात न्हाई.”

त्या वर्षी सप्त्याचं आवतण द्यायला गुरव आला. हळदीच्या अक्षता घेऊन दारोदार फिरायचा. आमच्या दारात अक्षता टाकल्या आणि निघाला. काकी आपल्या दारात उभी होती. म्हणाली, “गुरवकाका, हितंबी चूल हाय.” गुरवानं वडिलांकडे बघितलं. वडील घरात निघून गेले. गुरव वळला आणि त्यानं काकीच्या दारात अक्षता टाकल्या. तेव्हापासून गावात आमच्या अंगणात घरं दोन. काकी नंतर दिवसभर गाणं गुणगुणत होती, तिला गाताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मी शिकायला नगरला होते तेव्हा सुट्टीला आले की आमच्या घरात पाहुण्यांची गर्दी, म्हणून काकीकडे निजायची. तिच्या चुलीपुढं बसून मी परीक्षांचा अभ्यास केला. मला खूप वर्षं वाटायचं की चुलती हा शब्द चुलीवरूनच आला असणार. कोशात बघितलं तर तिथं भलतंच. चुलता म्हणजे म्हणे धाकटा बाप, ‘चुल्ल’ म्हणजे लहान, कमी. मला रागच आला त्या कोशाचा. माझी चुलती कमी? तुम्ही तिला बघितलीय का?

तर यंदाची गोष्ट. यंदा गुरवाच्या, म्हणजे त्या जुन्या गुरवाच्या मुलाच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. दारोदार फिरणं त्याला शक्य नव्हतं. सप्ता करणाऱ्या तरुण मंडळानं डोकं चालवलं आणि आवतण मोबाईलवर टाकलं. छान फुलाबिलांचं चित्र, ‘सर्व ग्रामस्थांना चूलबंद निमंत्रण’. गावाचा एक ग्रुप आहे, त्यात प्रत्येक घरातला एकेक माणूस. आमच्या घरातला म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्यानं काकीला अंगणातूनच ओरडून सांगितलं, “काकी, आवतण आलंय बरं का आपल्याला!”

काकी भांडी घासत होती. म्हणाली, “तुला आलं आसंल.” भावाला वाटलं, तिला ऐकू कमी आलं. मी आदल्या दिवशीच नगरहून आलेली, तिथंच ओसरीवर चहा पीत होते. मलाही काही कळलं नाही. इतकी वर्षं शब्द शिकवले, आणि ‘तुला’ एवढा साधा शब्द कानावरून गेला.

काल्याचं कीर्तन झालं. हंडी फुटली. ऊन मी म्हणत होतं, मंडपाखाली पहिली पंगत बसली, लापशी-आमटीच्या वासानं पोरं कासावीस झाली होती. वाढप्यांनी बादल्या उचलल्या आणि थांबले. चार जाणती माणसं कडेला गेली. मीही उगाच त्यांच्यामागं गेले. कोशातला तो बारीक अक्षरांतला अर्थ वाचल्यापासून मला एकदा नजर टाकून बघायचीच होती.

आणि खाली धूर होता.

साधासुधा नाही. पांढरा, घट्ट, सरळ वर जाणारा. वारा पडलेला, त्यामुळं तो कुठंही न वाकता देवळाच्या उंचीला आला होता. सगळ्या गावावर पत्रे, स्लॅब, टाक्या, डिश अँटेना, सगळं उन्हात गप्प पडलेलं, आणि त्यातून हा एकटाच उभा. आमच्या मागं देवाच्या चुलाणाचा धूर, समोर हा. दोघे एकाच उंचीचे. डोंगरावर धूर दिसतो म्हणजे तिथं आग आहे, हे तर्कशास्त्रातलं जुनं उदाहरण मला पाठ होतं. इथं आम्ही डोंगरावर आणि धूर खाली. एवढं मोठं, एवढं शांत काही मी गावात कधी पाहिलंच नव्हतं. मला तर हात जोडावेसे वाटले.

“आग लागली!” कुणीतरी ओरडलं. पोरं पानावरून उठली. माझा भाऊ पाण्याच्या टँकरवाल्याला फोन लावायला लागला. चौघांतले एक म्हातारे मात्र डोळ्यांवर हात धरून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “आग न्हाई त्यो. चूल हाय. कोन ऱ्हायलं रं आवतनाचं?”

मला तेव्हा कळलं तो धूर कुणाच्या अंगणातला आहे ते.

मी, भाऊ आणि मंडळाचा अध्यक्ष, तिघं उतरलो. अध्यक्ष चांगला पोरगा आहे, सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, गावातली सगळी पोरं मला आत्या म्हणतात तसा तोही म्हणतो. “आत्या, मेसेज तर सगळ्यांना गेलाय,” असं तो वाटभर म्हणत होता.

काकीनं घरातली चूल अंगणात मांडली होती. बाभळीच्या ओल्या काटक्या, गोवऱ्या, वर कडुलिंबाचा हिरवा पाला. पाला मुद्दाम, धूर व्हावा म्हणून. चुलीवर पिठलं रटरटत होतं. तिचे डोळे लाल झाले होते, पदर नाकाला लावला होता, खोकत होती, आणि हातातल्या पाल्याची आणखी एक फांदी आत सारत होती.

“काकी!” भाऊ ओरडला. “आगं काय चाललंय काय तुजं? पंगत खोळंबलीय तिकडं!”

“सैपाक चाललाय,” काकी म्हणाली. “आवतन न्हाई म्हनल्यावर काय उपाशी ऱ्हाऊ व्हय?”

“मी सांगितलं की तुला!”

“तुला आलं ते तू सांगितलंस. मला कुठं आलं?”

माझाही तोल सुटला. ऊन, भूक, आणि एवढी चढउतार. मी म्हटलं, “काकी, घरात गॅस आहे तुझ्या. पिठलंच करायचं होतं तर गॅसवर करायचंस.”

काकीनं माझ्याकडे बघितलं. मी वर्गात ढ पोराकडे जशी बघायची ना, अगदी तशी. “शिकल्याली तू. गॅसला धूर येतो व्हय?”

मला हसूही आलं आणि रडूही. पहाटे उठून तिनं तो पाला गोळा केला होता. एक शब्द कुणाला बोलली नव्हती. मी म्हटलं, “अगं, मग तोंडानं सांगायचंस. आम्ही काय नाही म्हटलं असतं?”

“तोंडानं सांगितलं की भांडान म्हनत्यात. बाई कटकटी हाय म्हनत्यात.” तिनं पळीनं पिठलं ढवळलं. “धुराला कोन काय म्हननार? त्यो दिसतो. मोजावाच लागतो.”

अध्यक्ष पुढं झाला, हात जोडले. “काकी, चुकलं आमचं. तुमी त्याच घरातल्या म्हनून येगळा मेसेज… आता सांगतो, चला जेवायला.”

“बाळा,” काकी शांतपणे म्हणाली, “तू बोलावलंस, लई झालं. पर वाटंवर भेटल्याव सांगावं तसलं ह्ये न्हाई. औंदा ह्यो उंबरा गळला, तर पुढल्या साली कोन धरंल? मी हाय तंवर तरी मला वरडता येतं. मी गेल्याव ह्या जागंला काय म्हनतील? ह्यांच्या घराची पडवी. म्हनतील, हितं त्यांची एक चुलती ऱ्हायची, त्यांच्याच जिवावर. सगळा जलम मी माज्या हातानं रांधून खाल्लं. माजी चूल कुनी दिली न्हाई, मी मांडली. ती जाऊ द्यायची न्हाई मला.”

अध्यक्ष मान खाली घालून उभा. ज्या अर्थाला कोश मेलेला म्हणतो, तो माझ्यासमोर जिवंत उभा होता, खोकत होता आणि माझ्या डोळ्यांत जात होता. साता समुद्रापलीकडच्या, धुक्यात राहणाऱ्या, आपल्या बापजन्मी न पाहिलेल्या माणसांनी धुराला घर म्हटलं, आणि इथं पारनेरच्या उन्हात माझी अंगठेबहाद्दर काकी तेच म्हणत होती. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. माणसं कुठं कुठं एकच गोष्ट बोलतात! मला गहिवरून आलं, आणि धुराचं निमित्त करून मी सरळ डोळे पुसले.

अध्यक्षानं कोपऱ्यात जाऊन फोन लावला. जरा वेळानं अंगणात मोटारसायकल आली. मागच्या सीटवर गुरव, एक पाय लांब धरलेला, काठी आडवी, मांडीवर अक्षतांचं ताट. दोघांनी त्याला उतरवलं. तो वेदनेनं कळवळला, पण एकदा उभा राहिल्यावर त्यानं टोपी नीट केली, जणू सगळं गाव बघतंय. आणि बघतच होतं. टेकडीच्या कडेला माणसांची रांग लागली होती, पंगतीतली, उपाशी, गप्प.

गुरव काकीच्या उंबऱ्यापुढं गेला. आत्तापर्यंत काकी चुलीपुढून हलली नव्हती. आता उठली, पदर सारखा केला आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली. घरधन्यानं उभं राहावं तशी.

“चूल कुनाची?” गुरवानं विचारलं. दर घरी विचारतात तसंच, मोठ्यानं.

“माजी,” काकी म्हणाली.

“मानसं किती?” हे विचारावंच लागतं, आचाऱ्याला अंदाज द्यायला. इतकी वर्षं काकीच्या दारात याचं उत्तर एकच होतं, सगळ्या गावाला पाठ. गुरवानं अक्षतांची चिमूटही उचलली होती.

“दोन,” काकी म्हणाली.

गुरवाचा हात थांबला. भावानं माझ्याकडे बघितलं. मी काकीकडे.

“मी, आनि ही,” काकी माझ्याकडे न बघताच म्हणाली. “भावाच्या घरी पाव्हनी म्हनून येती ती. नगरात एकटीच, तिकडंबी तिला कोन मोजतंय? हितं ती पाव्हनी न्हाई. ह्या चुलीवरची हाय.”

निवृत्तीनंतर माहेरी येताना मी पेढे घेऊन यायची, दिलेली साडी न्यायची, भावजयीला मदत करायची, चार दिवस राहून पाचव्या दिवशी निघायची. कुणी कधी वाईट वागवलं नाही. पण मी त्या गावात कुठल्या घरातली, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी मनाशी विचारलं नव्हतं. त्या क्षणी कळलं की मला ते किती हवं होतं.

“चूलबंद आवतन हाय,” गुरव म्हणाला, आणि उंबऱ्यावर दोन चिमटी अक्षता पडल्या.

काकी बाहेर आली. पिठल्याचं भांडं उतरवून तिनं आत नेऊन झाकलं, आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत आली. मला वाटलं, आता ओतणार. तिनं तो माझ्या हातात दिला.

“इझव,” म्हणाली. “चूल घरच्याच मानसानं इझवायची आसती.”